वेस्टर्नचा प्रेक्षक आणि मताचे उत्तरदायित्व

आवडी भिन्न असतात असे म्हणून वाद मिटवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. आणि वाद मिटला असे जाहीर करून तो पुन्हा सुरू करण्याची पद्धतही तितकीच जुनी आहे. या विसंगतीवर कांटने १७९० साली नेमके बोट ठेवले. एखादे मद्य ‘मला’ रुचते असे म्हणणारा माणूस इतरांकडून काही मागत नाही. एखादी वस्तू सुंदर आहे असे म्हणणारा मात्र इतरांच्या संमतीवर हक्क सांगतो. वसईची सुकेळी कोणाला आवडली नाहीत तर त्याच्याशी कोणी भांडत बसत नाही. जॉन फोर्डचा ‘द सर्चर्स’ (१९५६) आवडला नाही असे म्हणणाऱ्याला मात्र कारणे द्यावी लागतात, आणि ती कारणे अपुरी ठरली तर ‘तुला पाहताच येत नाही’ असा शेराही ऐकावा लागतो.

वेस्टर्नच्या चाहत्यांमधील चर्चा या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. त्यांत बहुधा दोन पक्ष पडतात : एक फोर्ड, हॉक्स, झिनेमान यांच्या अभिजात अमेरिकी वेस्टर्नचा आणि दुसरा सर्जिओ लिओने व सर्जिओ कोर्बुच्ची यांच्या इटालियन, म्हणजे ‘स्पॅगेटी’ वेस्टर्नचा. (हा शब्द मुळात हिणवण्यासाठी आला, चाहत्यांनी तो बिरुदासारखा मिरवला. ‘मसाला’ या शब्दाचे आपल्याकडे पुढे असेच झाले.) बोलणे सुरू होते ते नटाच्या चालण्यापासून, टोपीच्या कडेपासून, एन्निओ मॉरिकोनेच्या संगीतापासून. पण ते तेथे टिकत नाही. थोड्याच वेळात गाडी ‘त्याने मारले ते योग्य होते काय’ या प्रश्नावर येते. निसर्गचित्राविषयी किंवा बंदिशीविषयी बोलताना असे घडत नाही. मग आस्वादाची चर्चा येथे न्यायाच्या चर्चेत का घसरते? ही घसरण म्हणजे समीक्षेच्या दृष्टीने दोष मानावयाचा, की आस्वादाचाच एक भाग?

हा प्रश्न कोठेही विचारता येईल. पण वसई-विरारच्या प्रेक्षकासंदर्भात तो विचारला की त्याची धार वेगळी होते.

या पट्ट्याची आधुनिक ओळखच रेल्वेने घडवली. विरार ते मुंबईतील बॅकबे ही पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी धावली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६९च्या मे महिन्यात, अमेरिकेतील पूर्व आणि पश्चिमेचे लोहमार्ग एकमेकांना जोडले गेले. वेस्टर्नने पुढे वारंवार सांगितलेली कथा या दुसऱ्या घटनेभोवती उभी आहे. येथील प्रेक्षकाने वेस्टर्न पाहिला तो प्रथम मुंबईच्या रीगल, मेट्रो, इरॉससारख्या चित्रगृहांत, नंतर १९८०च्या दशकात व्हिडिओवर, आणि त्यानंतर केबलच्या वाहिन्यांवर. त्याविषयीची मते मात्र बनली ती विरार लोकलमध्ये, चौथ्या सीटवर अर्धे बसून किंवा दोन बाकांमधील जागेत उभ्याने, तास-दीड तासाच्या प्रवासात. भजन आणि पत्ते यांच्या शेजारी चित्रपटचर्चेलाही या डब्यांत जागा असते. फिल्म सोसायट्यांनी, विशेषतः १९६८ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या ‘प्रभात चित्र मंडळा’ने, चित्रपटाविषयी मराठीत गंभीरपणे बोलण्याची जी सवय लावली, तिचा डब्यातील या बोलण्याशी संबंध असेलही, परंतु डब्यातील मताला अध्यक्ष नसतो आणि आभारप्रदर्शनही नसते, त्यामुळे ते अधिक उघडे असते.

या मतांकडे समीक्षकाने तुच्छतेने पाहू नये याचे एक उदाहरण जाता जाता नोंदवण्याजोगे आहे. जे. ली थॉम्प्सनचा ‘मॅकेनाज गोल्ड’ (१९६९) अमेरिकेत पडला. भारतात तो वर्षानुवर्षे पुनःपुन्हा लागत राहिला. अभिजाताच्या पक्षाला तो बेगडी वाटतो, स्पॅगेटीच्या पक्षाला गुळगुळीत. पण ग्रेगरी पेक आणि ओमर शरीफ यांच्या त्या कथेत सभ्य म्हणवणारे नागरिक सोन्याच्या वार्तेने एकेक करून टोळीत सामील होतात, हे येथील प्रेक्षकाने अचूक हेरले होते. जमिनीचे भाव वाढू लागलेल्या गावात राहणाऱ्याला हा आशय समजावून सांगावा लागत नाही.

दोन पक्षांचे युक्तिवाद आता पाहू. अभिजाताचा चाहता म्हणतो की वेस्टर्न ही नैतिक कथा आहे. ‘हाय नून’मधील (१९५२) मार्शल एकटा उरतो, तरी पळत नाही. ‘शेन’मध्ये (१९५३) बंदूकबाज शेतकऱ्यांसाठी लढतो आणि, आपल्यासारख्याला या वस्तीत जागा नाही हे ओळखून, निघून जातो. येथे हिंसा आहे, परंतु तिला कारण आहे आणि किंमतही आहे. स्पॅगेटीने कारण काढून टाकले आणि किंमत डॉलरमध्ये लावली. उरली ती निव्वळ शैली. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की अभिजात वेस्टर्न खोटा आहे. भूमी बळकावण्याच्या इतिहासाला त्याने कर्तव्याचा मुलामा दिला. लिओनेचा नायक पैशासाठी मारतो. इतिहासातही माणसे पैशासाठीच मारत होती. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’मध्ये (१९६६) तिघा पात्रांवर अक्षरे उमटवून चांगला, वाईट आणि कुरूप अशी नावे ठेवली जातात, ती नावे किती पोकळ आहेत हे दाखवण्यासाठीच.

रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’ची (१९७४) परिभाषा वापरावयाची तर पहिला पक्ष लौकिकतावादी आणि दुसरा अलौकिकतावादी, अशी वाटणी करण्याचा मोह होतो. पहिला जीवनमूल्यांच्या बाजूने बोलतो, दुसरा रूपाच्या. परंतु वाद जरा ताणला की वाटणी उलटी होते. फोर्डच्या मॉन्युमेंट व्हॅलीविषयी बोलताना लौकिकतावाद्याला नैतिकतेचा विसर पडतो. तो आकाशाने व्यापलेल्या चौकटीविषयी, दाराच्या काळोखातून दिसणाऱ्या उन्हाविषयी बोलू लागतो. आणि रूपाचा पुरस्कर्ता ‘हेच खरे आहे’ असे म्हणतो तेव्हा तो सत्याचे, म्हणजे लौकिकाचे, प्रमाण पुढे करीत असतो. कला ही संकल्पना द्विध्रुवात्मक आहे, असे पाटणकर म्हणतात. वेस्टर्नच्या चाहत्यांत हे दोन ध्रुव दोन पक्षांत विभागलेले नसून प्रत्येक चाहत्यात दोन्ही आहेत, आणि समोरचा एका ध्रुवावर उभा राहिला की तो दुसऱ्यावर जातो. चर्चा त्यामुळे संपत नाही.

हे केवळ युक्तिवादातील चातुर्य नाही. रूप आणि नीती येथे वेगळी काढता येत नाहीत, याचा सर्वांत ठळक पुरावा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मध्ये (१९६८) आहे. एका विहिरीच्या मालकाचे कुटुंब गोळ्या घालून संपवले जाते. एक लहान मुलगा उरतो. मारेकऱ्यांचा म्होरक्या त्याच्यासमोर येतो, कॅमेरा वळसा घेऊन त्याचा चेहरा दाखवतो, आणि तो चेहरा हेन्री फोंडाचा असतो. फोर्डच्या ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’मध्ये (१९४६) वायट अर्प झालेला, निळ्या डोळ्यांचा, सौजन्याची मूर्ती असा फोंडा. तो त्या मुलाला गोळी घालतो. कॅमेऱ्याच्या त्या वळशाचा सगळा परिणाम प्रेक्षकाच्या पूर्वविश्वासावर अवलंबून आहे. ज्याने फोंडावर विश्वास ठेवलेला नाही त्याला तो वळसा म्हणजे तंत्राचा एक नमुना वाटेल, इतकेच. म्हणजे ज्याला आपण शैली म्हणतो तिचे इंधन नैतिक आहे. लिओनेने अभिजात वेस्टर्न नाकारला नाही. त्यावर चित्रपटाच्या माध्यमातून टीका लिहिली. स्पॅगेटीच्या चाहत्याने अभिजाताचे ऋण मान्य केले नाही तर त्याला स्वतःची आवडही नीट सांगता येणार नाही.

पण येथे एक गुंतागुंत आहे. व्हिडिओ आणि केबल यांमुळे आपल्याकडील अनेकांनी लिओने आधी पाहिला आणि फोर्ड नंतर. अशा प्रेक्षकाच्या लेखी फोंडा आधी मारेकरी असतो, आणि मग कधीतरी वायट अर्प म्हणून समोर येतो. तो ‘क्लेमेंटाइन’ संशयाने पाहतो. टूमस्टोन गावात शांतता नांदू लागल्यावर तेथील जागा कोणाच्या नावावर चढतील, असा प्रश्न त्याला पडतो. परंपरेच्या क्रमाने पाहणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. वॉल्टर बेन्यामिनने १९२१च्या निबंधात कायदा स्थापन करणारी हिंसा आणि कायदा राखणारी हिंसा असा भेद केला होता. राखणारा नेहमी स्थापणाऱ्याचे नाव विसरू पाहतो. फोर्डला हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. ‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’मध्ये (१९६२) गुंडाला मारल्याच्या कीर्तीवर वकील राज्यकर्ता होतो, गोळी मात्र काळोखातून दुसऱ्यानेच घातलेली असते, आणि हे सत्य कळल्यावरही संपादक ते छापत नाही. उलट क्रमाने पाहणाऱ्या प्रेक्षकाची ‘चूक’ त्यामुळे फोर्डच्या उत्तरायुष्यातील शंकेशी जाऊन भिडते.

लिओनेच्या त्या विहिरीकडे पुन्हा वळले पाहिजे. त्या कथेत गोड्या पाण्याची विहीर मोलाची ठरते, कारण लोहमार्ग तेथून जाणार आहे. इंजिनाला पाणी लागेल, स्थानक होईल, गाव वसेल. जमीन, पाणी आणि रेल्वे या तीन गोष्टींसाठी माणसे मारली जातात. वसईच्या प्रेक्षकाला हे परक्या देशाचे वाटत नसेल तर नवल नाही. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील बागायत विहिरींवर आणि बावखलांवर उभी होती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हा परिसर बांधकामासाठी खुला होऊ लागला, तशा इमारती वाढल्या. इमारतींना पाणी नव्हते, आणि बागायतीच्या विहिरींतील पाणी टँकरने ओढले जाऊ लागले. १९८९ साली नालासोपारा स्थानकात एका बांधकाम व्यावसायिकाचा गोळ्या घालून खून झाला. रेल्वेचा फलाट, पिस्तूल, जमिनीचा व्यवहार : पटकथाकाराला यात काही भर घालावी लागली नसती.

आता स्पॅगेटीचा चाहता म्हणेल, की पाहा, लिओनेच खरा ठरला. येथेच प्रस्तुत प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा राहत नाही. कारण त्याच वसईत त्याच काळात दुसरेही काही घडले. हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली माणसे रस्त्यावर आली. तिचे नेतृत्व करणाऱ्यांत ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. टँकरविरुद्ध, बागायत बुडवणाऱ्या नियोजनाविरुद्ध आणि दहशतीविरुद्ध मोर्चे निघाले, सभा झाल्या, लिहिले गेले. ‘हाय नून’मधील चर्चचा प्रसंग येथे आठवावा. मार्शल रविवारच्या प्रार्थनेत जाऊन मदत मागतो. मंडळी वाद घालतात, मुद्दे मांडतात, आणि अखेर तो एकटाच बाहेर पडतो. वसईत चर्चमधली मंडळी बाहेर पडली, बिगरख्रिस्ती शेजाऱ्यांसह, आणि बंदूक कोणाच्याच हाती नव्हती.

वेस्टर्नविरुद्ध नैतिक आक्षेप घ्यावयाचाच तर तो येथे घ्यावा. हिंसा दाखवली किंवा ती देखणी करून दाखवली, हा आक्षेप वरवरचा आहे. खरी उणीव अशी की, वेस्टर्नला नागरिकांची कल्पनाच करता येत नाही. त्याला भित्री वस्ती दिसते, किंवा भाड्याचे संरक्षक दिसतात. ‘हाय नून’ला उत्तर म्हणून हॉक्सने ‘रिओ ब्राव्हो’ (१९५९) काढला. त्यातला शेरीफ सामान्यांची मदतच नाकारतो, कारण हे काम तरबेज माणसांचे आहे. दोघांचे भांडण टोकाचे, पण गृहीत एकच : सामान्य माणूस निरुपयोगी. स्पॅगेटीने या सामान्य माणसाला शवपेटी बनवणारा, खानावळवाला किंवा मुडदा एवढीच कामे ठेवली. याला सन्माननीय अपवाद पुन्हा ‘लिबर्टी व्हॅलन्स’चाच. तेथे शाळा आहे, वृत्तपत्र आहे, मतदान आहे. तरी शेवटी काळोखातली बंदूक लागतेच.

याच जिल्ह्याच्या इतिहासात आणखी एक पुरावा आहे. १९४५ साली तलासरी-डहाणू भागातील वारली वेठीविरुद्ध उभे राहिले. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये त्याची हकीकत आहे. वेस्टर्नमध्ये या लोकांना कोणती भूमिका मिळाली असती? ‘स्टेजकोच’मधील (१९३९) पाठलागात प्रेक्षक गाडीच्या आत बसलेला असतो, अपाची बाहेर असतात, आणि त्यांना चेहरे नसतात. मुंबईच्या अंधाऱ्या चित्रगृहात पालघरकडील प्रेक्षकही गाडीच्या आतच बसला. स्पॅगेटीचे पुरस्कर्ते यावर सांगतात की त्यांच्या चित्रपटांत ‘इंडियन’ क्वचितच मारले जातात. हे खरे आहे. कारण ते तेथे क्वचितच असतात. आद्य रहिवाशांची अनुपस्थिती म्हणजे त्यांना मिळालेला न्याय नव्हे. या बाबतीत दोन्ही पक्षांचे मौन सारखेच खोल आहे, आणि डब्यातील वादात हा मुद्दा निघाला की विषय बहुधा पुन्हा मॉरिकोनेवर जातो.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. चित्रपट पाहताना आपली विहीर, आपला सातबारा आठवत बसणे हा आस्वाद आहे काय? अभिनवगुप्ताने रसविघ्नांची जी गणना केली तीत स्वतःच्या सुखदुःखाने ग्रासले जाणे हेही एक विघ्न आहे. साधारणीकरण व्हावयाचे तर ‘हे माझे’ आणि ‘हे परक्याचे’ हे दोन्ही भाव गळून पडले पाहिजेत. या न्यायाने पाहता, वेस्टर्नमध्ये स्वतःचे गाव शोधणारा वसईकर सहृदय ठरत नाही.

आक्षेप योग्य आहे, पण तो पाहण्याच्या क्षणाला लागू आहे. चाहत्यांची चर्चा हा दुसरा क्षण आहे, आणि आपल्या रसचर्चेने त्याचा पुरेसा विचार केलेला नाही. पडद्यासमोर स्वार्थ गळून पडतो, म्हणूनच फ्रँकसारख्या मारेकऱ्याकडेही आपण मुग्ध होऊन पाहू शकतो; त्या मुग्धतेबद्दल प्रेक्षकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे होईल. परंतु गाडीत बसून तो ‘असाच माणूस पाहिजे’ असे म्हणतो तेव्हा तो आस्वाद घेत नसतो, विधान करीत असतो. विधानाला कारणे लागतात, आणि कारणांना परिणाम असतात. आस्वादाचे उत्तरदायित्व मागता येणार नाही. मताचे मागितले पाहिजे. अभिरुचीही घडवलेली असते, मग आस्वादाची तरी सुटका कशाला, असे कोणी ह्यूमचा आधार घेऊन विचारील. ह्यूमला १७५७ साली अभिरुचीचे प्रमाण सरावात आणि तुलनेत सापडले होते. पण सराव आणि तुलना यांचे स्थानही बहुतांशी बोलण्यातच आहे. तेथेच एकाचा फोर्ड दुसऱ्याच्या लिओनेला घासून पाहिला जातो.

स्पॅगेटीच्या चाहत्याचे ‘हेच खरे’ हे विधान या कसोटीवर तपासता येते. जग असेच आहे असे म्हणताना तो स्वतःला कोठे उभे करतो? बहुधा हार्मोनिका वाजवणाऱ्या त्या अनामिकाच्या जागी. विहिरीच्या मालकाच्या, जेवणाच्या मांडलेल्या टेबलांपाशी मारल्या गेलेल्या मॅकबेनच्या जागी नव्हे. वसई-विरारमधील त्याची प्रत्यक्ष जागा मात्र मॅकबेनची, किंवा त्याहून कमी : टँकरची वाट पाहणाऱ्याची. त्याचे वास्तवाचे ज्ञान स्वतःची जागा वगळून झालेले असते, म्हणून ते अपुरे. अभिजाताच्या चाहत्यालाही यातून सुटका नाही. मार्शलच्या एकटेपणावर हळहळताना तो स्वतःला कधी चर्चमधल्या बाकावर बसलेला पाहत नाही.

वसईच्या आंदोलनाने वास्तव बदलले काय, हे विचारणे भाग आहे. उत्तर सरळ नाही. नियोजन १९९० साली सिडकोकडे गेले, २००९ साली महानगरपालिका आली, आणि २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर होती. कित्येक बावखले बुजली. इमारती थांबल्या नाहीत. दुसरीकडे पश्चिम पट्ट्यात बागायत अजून काही प्रमाणात टिकून आहे, आणि महापालिकेतून गावे वगळण्याचा वाद वर्षानुवर्षे चालला तो निवेदनांतून, मोर्च्यांतून आणि न्यायालयांतून. याला विजय म्हणणे कठीण; लिओनेचा पुरावा म्हणणे त्याहून कठीण. वेस्टर्नचा घाट शेवटी एक द्वंद्व मागतो, आणि अशा लांबलेल्या, अर्धवट, कंटाळवाण्या लढ्याला त्या घाटात जागा नाही. घाटाची ही मर्यादा ओळखणे हे समीक्षेचे काम आहे. त्या मर्यादेवरून वास्तवाविषयी निष्कर्ष काढणे हे मात्र नाही.

‘शोले’चा (१९७५) उल्लेख केल्यावाचून आपल्याकडे हा विषय पुरा होत नाही. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येवर लिओनेच्या त्या प्रसंगाची छाया स्पष्ट आहे. रामगडचे गावकरीही वेस्टर्नमधल्या वस्तीसारखेच, दोघांना परत पाठवावे असे म्हणणारे. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला खिळ्यांच्या जोड्यांनी ठार करतो. आणीबाणीच्या काळातील सेन्सॉरला ते चालले नाही; पोलीस ऐन वेळी येतात आणि गब्बरला कायद्याच्या हवाली केले जाते, असा शेवट चित्रित करावा लागला. म्हणजे स्वतः कायदा गुंडाळून ठेवलेल्या राजवटीने पडद्यावर कायद्याचा मान राखून घेतला. मूळ शेवटासह पूर्ववत केलेली प्रत २०२५ साली इटलीतील बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली, तेव्हापासून कोणता शेवट योग्य हा वाद चाहत्यांत नव्याने रंगला आहे. बहुतेकांचा कौल मूळ शेवटाला आहे, आणि कारण म्हणून ‘खरा सूड’ हे दोन शब्द दिले जातात. त्या शेवटात गब्बर मेल्यानंतर ठाकूर कोसळतो आणि रडतो. सुडाच्या बाजूने बोलणारे या रडण्याविषयी काही बोलत नाहीत. कायद्याच्या बाजूने बोलणारेही नाहीत.